नऊ नंबरचा मीटर

कारखान्यात किती पाणी आलं, कुठे गेलं, किती परत वापरात घेतलं, याचा मेळ रोज संध्याकाळी बसवणं हे तिचं काम. चौदा मीटर होते. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण सगळे तिला मीटरताईच म्हणत, आणि तिलाही आता त्याची सवय झाली होती.

कारखाना बाळांसाठी फळांचा गर बनवायचा. फळं धुवायला पाणी, यंत्रं धुवायला पाणी, बाटल्या धुवायला पाणी. यंदा शहराने पुरवठा कमी केला, तेव्हा साहेबांनी तिला समोर बसवून सांगितलं, "महिन्याला दहा हजार लिटर अजून कमी करा. नाहीतर बाटल्या धुण्याचा विभाग बंद करून धुतलेल्या बाटल्या बाहेरून आणू."

त्या विभागात बावीस बायका होत्या. त्यातली एक तिची धाकटी बहीण.

तिने यंत्रांच्या शेवटच्या धुण्याचं पाणी पहिल्या धुण्याला वळवलं, होसपाइपांच्या तोंडाशी दाबल्यावरच उघडणारे नळ लावले. नऊ नंबरचा मीटर मात्र तिला छळत होता. रोज चारशे लिटर, ना कमी ना जास्त. नेमकं हेच पाणी वाचलं असतं तर सगळं भागत होतं.

नऊ नंबरची नळी बंद पडलेल्या जुन्या हॉलमध्ये जात होती. पंपवाले काका रोज चार वाजून दहा मिनिटांनी तिथे जायचे, टोकाचा व्हॉल्व्ह उघडायचे आणि पाणी गटारात सोडून द्यायचे. मग भिंतीवर खडूने एक रेघ. सहा रेघांचा एक गट, कारण सातव्या दिवशी सुट्टी.

"काका, हे कशासाठी?" तिने विचारलं होतं.

"बसलेलं पाणी बरं नव्हे पोरी. त्याला फिरवावं लागतं."

"आणि आमच्या बायकांना घरी बसवावं लागतं, त्याचं काय?"

काकांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि भिंतीवर रेघ ओढली. तिने व्हॉल्व्हला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. शेवटच्या रेघेपुढे लाल पेन्सिलीने एक उभी खूण केली आणि हसत म्हणाली, "आता इथेच थांबायचं हं." दोन दिवसांनी काका घरी झोपेत गेले. तिला माफी मागायची होती असं नाही, पण आपलं ते हसणं तिला आठवत राहिलं.

आणि मीटर फिरतच राहिला. मीटर बिघडला असेल म्हणून तिने नवा बसवला. नवाही रोज चारशे लिटर दाखवू लागला. सुट्टीच्या दिवशी शून्य.

महिना संपायला चार दिवस उरले, तेव्हा ती बहिणीला घेऊन चार वाजता जुन्या हॉलमध्ये गेली. वरच्या काचांतून स्वच्छ ऊन येत होतं.

"मला कशाला आणलंस? घाबरतेस?" बहीण म्हणाली.

"साक्षीला."

"मग घाबरतेसच."

चार दहा झाले. भिंतीतून सरसर आवाज आला, नळीत पाणी धावल्यासारखा. बहिणीने नळीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. नळी बर्फासारखी गार होती, बाहेरून थेंब जमू लागले होते. साखळी जशीच्या तशी. कुलूपही. खाली गटाराच्या तोंडाशी धूळ होती आणि तिच्यात एका कोळ्याचं जाळं, कोरडं. काही मिनिटांनी आवाज थांबला.

"ताई," बहीण हळू म्हणाली, "भिंत बघ."

लाल खुणेच्या पुढे रेघा होत्या. सहा-सहांचे तीन गट, आणि पुढे पाच. शेवटच्या रेघेखाली खडूची भुकटी अजून ताजी होती. साखळी घातल्यापासून कामाचे दिवस तेवीसच झाले होते. तिने दोनदा मोजलं.

तिने कुलूप काढलं आणि निर्जंतुक बाटलीत टोकाचं पाणी घेतलं. जवळजवळ चार आठवडे बसलेलं पाणी. ते जिवाणूंनी भरलेलं असायला हवं होतं. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतली थाळी उघडली, तर जिवाणूंचा एकही ठिपका नाही.

मग तिने नळ्यांचा जुना नकाशा काढला, जो आधी काढायला हवा होता. नऊ नंबरची फांदी बाळांच्या बाटल्या भरणाऱ्या यंत्राच्या धुण्याच्या नळीतूनच फुटत होती. तिने टोक बंद केलं होतं, मूळ उघडंच ठेवलं होतं. पंपाचा दाब उतरला की फांदीतलं कुजलेलं पाणी मागे सरकून थेट त्या यंत्रात गेलं असतं. तेवीस दिवस गेलं असतं. गेलं नव्हतं.

तिने नकाशाची घडी घातली. मग साहेबांकडे जाऊन आपली चूक सांगितली आणि अर्धा दिवस उत्पादन थांबवायला लावलं. फांदी मुळापासून कापायची.

प्लंबरने कापलेला तुकडा उजेडाकडे धरला. आतून नळी लख्ख होती.

"रोजच्या वापरातली लाइन का तोडताय, ताई?"

"महिनाभर बंद आहे ती."

प्लंबरने तिच्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि मुळाशी झाकण बसवलं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा मेळ बसला. पुढच्या महिन्यात दहा हजार लिटर वाचणार हे आकड्यांत स्पष्ट दिसत होतं. साहेबांनी विभाग चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली. बहिणीने जाता जाता दारातून विचारलं, "काकांना काय सांगू? भेटले तर?"

"चल, नीघ."

काढलेला नऊ नंबरचा मीटर तिने टेबलाच्या खणात ठेवला होता. दोन्ही तोंडं मोकळी, आत हवा.

दुसऱ्या दिवशी चार दहाला ती आकडे उतरवत असताना खणातून आवाज आला. बारीक, दातेरी चक्र फिरल्याचा. तिने खण उघडला नाही. तो आवाज थांबेपर्यंत ती तशीच बसली. मग टॉर्च घेतली, नकाशा पुन्हा पसरला आणि पहिल्या नळीवर बोट ठेवलं. कुठेतरी बसलेल्या पाण्याचं अजून एक टोक राहून गेलं होतं.