मगरच्या पुढची ओळ

"तारीफ दाबून लिवा, अंबाजीअण्णा. अठरा वर्सं सदर व्हता मानूस," असं म्हणत हरिबा कचेरीपुढच्या लिंबाखाली अंबाजीच्या सतरंजीवर न विचारता बसला.

अंबाजी अर्जीनवीस होता. बिदरच्या कचेरीत कुणाला काही मागायचं असलं, की तो उर्दूत अर्जी लिहून देई. गावच्या फुटबॉल क्लबाचे सदर, म्हणजे अध्यक्ष, श्रीमंतराव वकील आता हैदराबादेला कायमचे निघाले होते. दुसऱ्या दिवशी मैदानावर निरोप होता. हार, बँड आणि सगळ्यांच्या वतीनं वाचायचा सिपासनामा, म्हणजे गौरवाचा कागद.

"परवापरेंत शिव्या घालत व्हतास की त्याला," अंबाजी म्हणाला.

"आता जायलाय की त्यो. जानाऱ्याला कामून वंगाळ बोलायचं?" हरिबानं पिंक टाकली. "आनि शेवटाला सायेब एक गोल मारनार हायेत. गोलात पिराप्पाला उभा करायलोत. सायबाचीच इच्छा हाय. त्याला सोडायची सवय हायच."

तो स्वतःच हसला. अंबाजी बोरू पुसायला लागला.

सहा वर्षांपूर्वी गुलबर्ग्याला फायनल होती, ती जिल्ह्याचे अंमलदार तालुकदारसाहेब यांच्या क्लबाशी. मध्यंतरात श्रीमंतराव गोलकीपर पिराप्पापाशी आले आणि हळूच म्हणाले, "एक सोड. साहेबांचं मन राखायचंय." पाण्याची घागर घेऊन अंबाजी शेजारीच उभा होता. त्यानं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. पिराप्पा मैलूरचा, दगडाच्या खाणीवरचा गडी. अनवाणी खेळायचा, आणि सदराचा शब्द त्याला देवाचा शब्द. त्यानं एक सोडला. परतल्यावर गावानं त्याच्यावर शेण फेकलं. श्रीमंतराव बाजूला उभे होते. अंगावर उडू नये म्हणून त्यांनी छत्री उघडली. त्याच वर्षी ते सरकारी वकील झाले आणि पिराप्पाचं नाव पडलं सोड्या.

खरं काय ते अंबाजीनं लोकांना सांगितलं आणि वर अर्जी लिहिली. त्याच्या अर्जीची रीत ठरलेली. आधी तीन ओळी तारीफ, मग 'मगर', म्हणजे 'पण', आणि मगरच्या पुढं जे खरं असेल ते. चाळीस जणांनी अंगठे उठवले, पहिला हरिबाचा. अर्जी हैदराबादेला गेली आणि चौकशीसाठी परत आली ती श्रीमंतरावांच्याच हातात. त्यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. चाळीसही जण म्हणाले, आम्हाला कुठं वाचता येतंय, अंबाजीनं काय लिहिलं कुणास ठाऊक. अंबाजी म्हणाला, लोकांनी सांगितलं तसं मी लिहिलं. चहात वेलदोडा होता. त्यानंतर अंबाजीनं वेलदोड्याचा चहा कधी घेतला नाही. त्या चाळीस जणांची किळस होती तशी स्वतःचीही होती.

हरिबा गेला आणि दिवस कलताना पिराप्पा आला. हातापायांवर खाणीची तांबडी धूळ.

"अण्णा, त्या कागदात माजी एक वळ घाला."

"कसली?"

"पिराप्पानं आपल्या मनानं सोडला न्हाई. येवढंच. सायेब एकडाव गेला की कोन सांगनार?" तो खाली बघत बोलत होता. "परवा लेकीला बगाया चिंताकीची मानसं आलती. दारातच इचारलं, सोड्याचं घर हेच का. पानीबी न पिता गेली."

"मंग उद्या गोलात कामून उभा ऱ्हायलास?"

"सदरानं बोलिवल्यावर न्हाई कसं म्हनू?"

"घालतो तुझी ओळ," अंबाजी म्हणाला.

सकाळी तो लिहायला बसला. गरिबांचे वाली, न्यायाचे पुतळे, क्लबाचे आधार. तीन ओळी सुरेख उतरल्या. जुन्या अर्जीतल्याच होत्या त्या. मग त्यानं 'मगर' लिहिलं आणि हात थांबला. उद्यापासून याच गावात राहायचं होतं, याच लोकांत. तेवढ्यात हरिबा आला आणि कागद चौकटीत बसवायला घेऊन गेला. त्याला उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. थांब, पुरा व्हायचाय, एवढं म्हणायला अंबाजीला वेळ होता. पण तो तसं म्हणाला नाही.

मैदान भरलं. चाळीसही अंगठे हजर होते. श्रीमंतरावांना भर चौकात चोर म्हणणारा बंडेप्पा उपरण्यानं डोळे पुसत होता. मल्लप्पा मास्तरांनी खणखणीत आवाजात सिपासनामा वाचायला घेतला. वाली झाले, पुतळे झाले, आधार झाले.

"मगर," मास्तर म्हणाले आणि थांबले. त्यांनी चौकट उलटी करून पाहिली. मागं लाकूड होतं.

मैदान चिडीचूप झालं. पुढची ओळ तिथं सगळ्यांना ठाऊक होती. जुन्या अर्जीत तिच्याखाली त्यांचेच अंगठे होते. अंबाजीला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. मग वाटलं, आपणच बोलावं. गोलात उभा असलेला पिराप्पा त्याच्याकडेच बघत होता.

श्रीमंतराव हसले. "आमच्या अर्जीनविसाची शाई संपली वाटतं."

सगळं मैदान खदखदून हसलं. त्या हसण्यात आपलाही आवाज आहे हे अंबाजीला जरा उशिरा कळलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

मग श्रीमंतरावांनी कोट काढून हरिबाच्या हातात दिला. चेंडू ठेवला गेला. "सोड बरं का रे," कुणीतरी ओरडलं. चेंडू निघाला तो जमिनीला घासत, रांगतं पोर अडवील इतका हळू. पिराप्पा वाकला आणि त्यानं तो उचलून छातीशी धरला.

पण लोकांचं आधीच ठरलं होतं. चेंडूला पाय लागला तेव्हाच गोल, गोल अशी आरोळी उठली होती आणि बँड सुरू झाला होता. हार पडले. श्रीमंतरावांना खांद्यावर घेतलं. बंडेप्पा नाचत होता. कुणी गोलाकडे वळूनही पाहिलं नाही. सगळी गर्दी त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला फाटकाबाहेर गेली.

मैदानात अंबाजी राहिला, आणि समोर, दोन खांबांच्या मधे, पिराप्पा. चेंडू त्याच्या हातात होता.