एका ठिपक्यावर दोघी

याझिदची फाइल उघडली की मला आधी शिव्या सुचायच्या, मग काम सुचायचं. धरणाच्या कार्यालयात नकाशांच्या खोलीत आम्ही दोघंच. तो डोंगर तुडवत मोजणी करायचा आणि मी खुर्चीत बसून त्याने केलेला पसारा आवरायचो. माझ्या फाइलीत एक ओळ इकडची तिकडे झालेली मला खपत नसे. सगळे मला झाडूवाला म्हणायचे, आणि मला त्याचा मनातून अभिमान होता.

त्या वसंतात त्याने तासलिंतच्या कबरस्तानाची मोजणी करून आणली. गाव नदीकाठचं, धरणाच्या पाण्याखाली जाणारं. माणसांना वर टेकडीवर नवी घरं मिळणार होती. पण गावाने अट घातली होती, आधी आमचे मेलेले वर जातील, मग आम्ही. तासलिंतच्या कबरींवर नावं नसतात. पुरुषाला दोन दगड, बाईला तीन, बस. कोण कुठे आहे हे एका म्हातारीला तोंडपाठ होतं. तिचं नाव इत्तो, पण सगळे मानाने लल्ला इत्तो म्हणायचे. ती पुढे चालत नावं सांगत गेली आणि याझिद मागून जागा टिपणाऱ्या यंत्राचं बटण दाबत, नावं लिहीत गेला.

मी ती फाइल नकाशावर टाकली, तर अख्खं कबरस्तान एकाच ठिपक्यावर. आणि तो ठिपकाही गावापासून सत्तर किलोमीटरवर, पार वाळवंटाच्या तोंडाशी.

“अरे गाढवा,” मी ओरडलो, “दोनशे माणसं तू एका खड्ड्यात पुरलीस!”

“मी कशाला पुरू? तुझ्या कम्प्युटरने पुरली.” याझिद चहा ओतत होता. तो ग्लास हातभर खाली धरून ओतायचा आणि एक थेंब सांडायचा नाही. ही एवढी एकच गोष्ट त्याला नीट जमते असं मी सगळ्यांना सांगत असे.

“दशांशाला स्वल्पविराम दिलायस.”

“मग काय देऊ? शाळेत तूही तोच देत होतास की.”

ते खरं होतं. फ्रेंच गेले, पण स्वल्पविराम ठेवून गेले. सॉफ्टवेअरला मात्र टिंब लागतं. स्वल्पविराम दिसला की ते पुढचे आकडे टाकून देतं, आणि मग उरतं फक्त अक्षांश बत्तीस आणि रेखांश उणे पाच. आमच्या मुलखातल्या निम्म्या फाइली अशा त्या एका ओसाड जागी जाऊन पडतात. मी सगळे स्वल्पविराम एका झटक्यात बदलले. कबरी उडाल्यासारख्या निघाल्या आणि नदीकाठी आपापल्या रांगेत जाऊन बसल्या. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार बरं वाटलं.

मग दुसरी कटकट. ओळी दोनशे पंधरा होत्या, पण काही ठिपके एकावर एक बसलेले. त्यात नवल नव्हतं. याझिदला यंत्राची पहिली शिट्टी कधी ऐकू यायची नाही, म्हणून तो बटण दोनदा दाबायचा. नाचता येईना अंगण वाकडं. दर वेळी मी एकच उपाय करत असे. अर्ध्या मीटरच्या आत दोन ठिपके असले आणि नावही तेच असलं, तर एक ठेवायचा आणि दुसरा पुसायचा. सॉफ्टवेअरला तसं सांगितलं की ते क्षणात साफ करून देतं. त्या दिवशी त्याने नऊ ओळी पुसल्या. दोनशे सहा उरल्या. मी त्यांना नंबर दिले, नकाशा छापला, वरिष्ठांची सही घेतली.

शेऱ्याचा रकाना मी वाचला नाही. याझिदचे शेरे म्हणजे ‘इथे काटे आहेत’, ‘कुत्रा चावायला आला’ असे असायचे. कोण वाचणार?

उन्हाळ्यात लल्ला इत्तो स्वतः कार्यालयात आली. टॅक्सीत सहाजणांबरोबर कोंबून, मांडीवर सुक्या अंजिरांचा टोपला घेऊन. हनुवटीवर गोंदणाची रेघ, कमरेत वाकलेली, पण डोळे लख्ख. दारातूनच तिने विचारलं, “तुमच्यात तो बासू कोण? आमची माणसं कागदावर मांडणारा?”

“मीच, लल्ला. बसा.”

“बसायला नाही आले. आमची तूदा त्यात आहे का ते बघून जाते. नदीकडच्या शेवटच्या रांगेत.”

मी नाव टाकलं. पडद्यावर एक ठिपका पिवळा झाला. “ही बघा. एकशे सतरा. तूदा, आयत बाहा घराण्यातली.”

तिने पडद्यावर बोट ठेवलं. त्या बोटाला मेंदी होती आणि अंजिरांचा चिकटा होता. मला पडद्यावर डाग पडलेला आवडत नाही, पण मी ते बोट तसंच राहू दिलं.

“एकटी नाही ना राहणार ती?” तिने विचारलं.

मी हसलो. “दोनशे सहा जण आहेत, लल्ला. एकटी कशी राहील?”

तीही हसली. अंजिरं टेबलावर ठेवून गेली. आम्ही ती आठवडाभर खाल्ली.

ऑक्टोबरात कबरी हलवल्या. गावच्या मशिदीतले मौलवी, म्हणजे फकीह, माझी यादी घेऊन पुढे, मागे खणणारे. एका नंबरला एक पांढरं कापड. मोठ्यांची हाडं कापडात बांधायची आणि लहान मूल असेल तर हाडं शोधत बसायचं नाही, तिथली ओंजळभर मातीच कापडात घ्यायची. कुराण वाचत वाचत सगळं वर नेलं. आमच्याकडे पुरताना बायका जात नाहीत, त्या तिसऱ्या दिवशी जातात. शनिवारी काम संपलं, सोमवारी धरणाचे दरवाजे बंद झाले. आणि त्याच सोमवारी, तिसऱ्या दिवशी, लल्ला इत्तो भाकरी आणि अंजिरं घेऊन टेकडीवर गेली.

बुधवारी सकाळी ती माझ्यासमोर उभी होती. या वेळी हातात टोपला नव्हता.

“माझी तूदा कुठे आहे?”

“वर नेली ना, लल्ला. एकशे सतरा.”

“ती माझी सासू. माझी तूदा कुठे आहे? फकीह म्हणतात यादीत एकच होती. म्हणून कापड एकच.”

मला काही कळेना. मग कळलं, आणि कळल्यावर मी उगाच कागद चाळत राहिलो, कारण तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

शेवटी मी याझिदची मूळ फाइल उघडली. पुसलेल्या नऊ ओळी तिथे जशाच्या तशा होत्या. आठ खरोखरच दुबार होत्या. नववी होती: तूदा, आयत बाहा. जागा तीच. शेऱ्याच्या रकान्यात वरच्या ओळीत ‘म्हातारी’ आणि खालच्या ओळीत ‘तीन दिवस’.

मी हे दूर फास शहरातून आलेल्या कुणा साहेबासारखं केलं, पण मी काही फासचा नव्हतो. आमच्याकडे आजी गेली की पुढच्या मुलीला तिचं नाव देतात. आणि तान्हं मूल गेलं तर त्याला वेगळं पुरत नाहीत, घरातल्या एखाद्या बाईच्या कबरीत तिच्या पायाशी ठेवतात. एवढ्याशा जिवाला अंधारात एकटं कसं ठेवायचं? हे मला ठाऊक होतं. कम्प्युटरसमोर बसल्यावर ते आठवलं नाही, एवढंच.

“मी लिहिलं होतं,” याझिद मागून हळूच म्हणाला. “लल्लाने दोन तूदा सांगितल्या, म्हणून मी दोनदा दाबलं. तेवढं एकदा मुद्दाम दोनदा दाबलं.” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“लल्ला,” मी म्हणालो, “तिची ओळ मी पुसली. मला वाटलं एकच नाव चुकून दोनदा आलंय.”

ती माझ्याकडे वळली.

“तुझी आई कुठली?”

“वरच्या खोऱ्यातली. तिग्मीरची.”

“मग तिने तुला सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं, लल्ला.”

तिने मान हलवली. माझ्यावर ओरडली नाही. “चल,” एवढंच म्हणाली.

याझिदने गाडी काढली. वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “अठ्ठेचाळीस वर्षं झाली. दूध आलं होतं मला. ती गेल्यावरही येतच राहिलं.” याझिदने गाडीचा वेग वाढवला. त्या रस्त्यावर तसा वेग कुणी घेत नाही.

तासलिंतच्या वळणावर पोचलो आणि रस्ताच संपला. पुढे मातकट पाणी. त्यात बदामाच्या झाडांचे शेंडे, एका घराचा कठडा, आणि तरंगणारं एक प्लास्टिकचं घमेलं. तीन दिवसांत नदीने सगळा सखल भाग घेतला होता. मी यंत्रात तूदाचा ठिपका टाकला. बाण पाण्याकडे वळला. अडतीस मीटर.

“मी जातो,” याझिद जोडे काढायला लागला.

“वेडा आहेस का? खाली किती खोल आहे, माहीत आहे?”

“छातीएवढं असेल.”

“आणि जाऊन काय करशील? पाण्याखालची ओंजळभर माती ओळखशील?”

तो थांबला. एक जोडा हातात धरून तसाच उभा राहिला. मी त्याला अडवलं ते बरोबरच होतं. तरी तो पाण्यात शिरला असता तर, असं मला अजून वाटतं.

लल्ला इत्तोने माझ्या हातातलं यंत्र घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखत होती. “हे काय?”

“इथून ती किती दूर आहे ते.”

“एवढीच?”

“एवढीच, लल्ला.”

ती यंत्र हातात घेऊन काठाकाठाने चालू लागली. आकडा कमी झाला की थांबायची, वाढला की मागे यायची. छत्तीसवर एक खडक होता. तिथे ती बसली आणि पाण्याकडे बघून हाक मारली, “तूदा, ए तूदा.” अंगणातल्या मुलीला जेवायला बोलवावं तशी. मी पाठ फिरवली आणि रडलो. याझिद माझ्याआधीच रडत होता.

त्यानंतर दर शुक्रवारी नमाज झाला की मी तिच्याकडे जात असे. ती नव्या गावातल्या सिमेंटच्या घराच्या पायरीवर वाट बघत असायची. पहिला प्रश्न ठरलेला, “आज किती?” आम्ही काठावर जायचो. पंचाण्णव. एकशे साठ. हिवाळ्यातल्या पावसानंतर तीनशे. पाणी चढत गेलं तसा काठ मागे सरकत गेला. तिने मला कधी माफ केलं म्हटलं नाही, आणि मीही मागितलं नाही. एकदा मात्र ती म्हणाली, “त्या यादीत परत लिहिलंस का तिला?”

“लिहिलं, लल्ला. त्याच दिवशी.”

“कुठल्या नंबरवर?”

“दोनशे सात.”

“शेवटी,” ती म्हणाली. “धाकटी होती. ठीक आहे.”

फेब्रुवारीत एका शुक्रवारी ती पायरीवर नव्हती, आत अंथरुणावर होती. छाती भरली होती. तिने मला जवळ बोलावलं. “मला टेकडीवर नका नेऊ,” ती म्हणाली. “सासूपाशी सगळं गाव आहे. मला जिथून तूदा जवळ पडेल तिथे ठेवा. ती जागा तुझ्या कम्प्युटरला कळेल ना?”

“कळेल.”

“नीट बघशील?”

मी तिचा हात धरला. त्या हातावर आता मेंदी नव्हती.

ती रविवारी गेली. गावातले म्हातारे कुरकुरले की सगळ्यांचं कबरस्तान सोडून एकटीच काठावर कशी? फकीहनी मात्र माझ्याकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, “याला जागा सांगू दे.” मी कार्यालयात बसलो. धरण काठोकाठ भरल्यावर पाणी कुठवर येईल ती रेघ लावली. तूदाचा ठिपका लावला. त्यापासून रेघेबाहेरच्या कोरड्या जमिनीवरचा सगळ्यात जवळचा बिंदू काढला. एका उतारावर निघाला, जुनिपरच्या दोन झाडांमध्ये. याझिद खुंटी घेऊन गेला आणि ती ठोकली. त्याने बटण एकदाच दाबलं.

आम्ही तिला तिथे ठेवलं. तीन दगड, तोंड किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला. तिथून पाणी दिसतं.

अंतर चारशे बारा मीटर. त्याहून जवळ कोरडी जमीन नाही. मी तीन वेळा तपासलं.