टॉवेलात गुंडाळलेला शेकर

मी प्रयोगशाळेतला शेकर. कागदोपत्री माझं नाव चांगलं लांबलचक आहे, पण ते फक्त दुरुस्तीवाल्याला ठाऊक. माझं काम साधं: रक्ताच्या नळ्या सदतीस अंशांवर ठेवायच्या आणि हलवत राहायचं. ऊब द्यायची, झुलवायचं. लेकुरवाळ्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

अकरा वर्षं झाली. माझ्या चार रबरी पायांपैकी एक झिजला, तेव्हापासून मी हलता हलता टेबलावर पुढे सरकतो. मुद्दाम नाही हो. तासाभरात चार बोटं. आणि ऊठसूट कोकलतो म्हणून माझा भोंगाही कुणीतरी बंद करून ठेवलाय.

त्या दुपारी माझ्या पोटात करंगळीएवढी एक नळी होती. आठ दिवसांच्या बाळाचं रक्त. एवढ्याशा जिवाला पुन्हा टोचणं शक्य नव्हतं, आणि औषध कोणतं द्यायचं ते या नळीवरच ठरणार होतं. आतली ऊब चाळीस अंशांच्या वर गेली की सगळं मुसळ केरात.

नळी ठेवली ती आमच्या काळजीबाईने. हे नाव मोठ्या मॅडमनी पाडलेलं. तिला घरी सात महिन्यांचा मुलगा, इथे मी. मी काठापासून जेमतेम वीतभर अंतरावर आहे हे तिने पाहिलं. तिने दोन टॉवेल आणले, त्यांच्या गुंडाळ्या केल्या आणि माझ्या चहूबाजूंनी दाबून बसवल्या.

"हे काय, पाळणा केलास का त्याचा?" मॅडम म्हणाल्या.

"पडला तर, मॅडम?"

"पोरालाही असंच बांधून ठेवतेस वाटतं. बिचारा."

ती हसली, पण टॉवेल आणखी घट्ट केले. माझी हवेची जाळी पाठीमागे आहे. ती पार बुजली.

अडतीस. साडेअडतीस. आतला पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा गिळत होता. आकडा माझ्या कपाळावर लख्ख दिसत होता, पण तिची नजर टेबलाच्या काठावर. एकोणचाळीस. ओरडावं, तर तोंड बांधलेलं.

तेवढ्यात तिने घरी फोन लावला. सकाळी पोराचं अंग कोमट लागलं होतं.

"आई, ताप उतरला का?"

सासूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "ताप कुठला गं? तीन कपडे आणि वर शाल. घामाने चिंब झाला होता. सगळं काढलं, आता खेळतोय."

फोन कानाला तसाच धरून तिने माझ्याकडे पाहिलं. पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. पुढच्या क्षणी टॉवेल जमिनीवर होते.

एकोणचाळीस पूर्णांक सात.

आकडा खाली येईपर्यंत ती मला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मग नोंदवहीत लिहिलं: 'जाळी टॉवेलने बंद झाली. टॉवेल मी लावले.' मॅडमनी वाचलं आणि खाली सही केली.

बाळाच्या नळीशेजारी, नेहमीसारखी, पडताळणीची एक दुसरी नळीही होती, जिचं उत्तर आधीच माहीत असतं. ती बिघडली असती, तर बाळाचीही फुकट. ती तपासून होईपर्यंत वीस मिनिटं गेली. खोलीत कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

"बरोबर आलंय," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट पाठव. आणि बस जरा."

ती उभ्यानेच रिपोर्ट पाठवून मग बसली.

पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा शेकर येतोय. माझी रवानगी अडगळीत. त्याला सांभाळा, पण एक बाजू मोकळी सोडा. आणि काळजीबाईला फार चिडवू नका. इतकी वर्षं सगळे माझा आकडा वाचून जात. मला हात लावून पाहिलं ते तिनेच.