साखर अडवणारी डावी जाळी

मी एक जुनी जाळी आहे. एसीचं पुढचं झाकण वर उचललं की आत शेजारी शेजारी दोन जाळ्या दिसतात, त्यांतली डावीकडची मी. उजवीकडे माझी जुळी बहीण असते. दुकानात आम्हाला फिल्टर म्हणायचे, पण या घरात आमचं नाव जाळीच पडलं. मित्रांनो, मी थोडी बढाई मारणार आहे, ती तेवढी ऐकून घ्या. खोली गार झाली की लोक एसीची तारीफ करतात, जाळीची कोणी करत नाही. म्हणून ती माझी मलाच करावी लागते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी प्लॅस्टिकची चौकट तयार झाली, मग तिच्यावर बारीक विणीचं कापड ताणून बसवलं गेलं. तिथे तपासणीला बसलेल्या बाईंनी मला दिव्यासमोर धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही छान आहे. घ्या पुढे." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. ती मी अजून विसरलेले नाही.

मग आम्ही या घरी आलो. मागच्या खोलीत, खिडकीच्या वर एसी बसला. त्या खोलीत या घरच्या वहिनी केक करतात. लांबलचक स्टीलचं टेबल, त्यावर फिरती थाळी, क्रीम भरायच्या पिशव्या, भिंतीलगत एक कपाट. उन्हाळ्यात क्रीम पाच मिनिटांत पातळ होतं, म्हणून एसी आणलेला. बसवून झाल्यावर मेकॅनिक म्हणाला, "दर पंधरा दिवसांनी जाळ्या काढून धुवा. सोपं काम आहे, पण विसरू नका." वहिनी तेव्हा अंडी मोजत होत्या. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, रिमोटची सगळी बटणं दाबून बघत होते. मेकॅनिकचं बोलणं फक्त वहिनींच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, ऐकलं आणि लगेच कागदावर लिहून घेतलं.

आप्पांनी सारा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर शोधायला चुका उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. एक रविवार सोडून एक, सकाळी चहा झाला की ते आधी एसीचा मुख्य स्विच बंद करत. झाकण उचलून आम्हा दोघींना हलकेच बाहेर ओढत. मोरीत नेऊन नळाचं पाणी मागच्या बाजूने सोडत, म्हणजे अडकलेली धूळ आली तशी पुढून निघून जाई. थोडा साबण, एक जुना, मऊ झालेला दात घासायचा ब्रश, आणि कुठेही घाई नाही. मग सावलीत वाळवत. ऊन लागू देत नसत. आणि शेवटी खिडकीशी उभे राहून आम्हाला उजेडासमोर धरत. एखादं छिद्र बुजलेलं दिसलं की म्हणत, "सुटलं होतं बघ!" आणि पुन्हा मोरीत नेत. सगळं मनासारखं झालं की कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या कागदावर तारीख लिहून पुढे बरोबरची खूण करत.

आता माझं काम ऐका. एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. ती हवा आधी माझ्यातून जाते. इतर घरांतल्या जाळ्यांना धूळ आणि केस एवढंच अडवावं लागतं. माझ्या वाट्याला काय आलं, सांगू? दळलेली साखर! वहिनींनी ती चाळायला घेतली की खोलीत पांढरा धूर होई. शिवाय मैदा, कोको, टॉवेलचे धागे, एकदा तर एका पतंगाचा पंख. ते सगळं मी अंगावर झेललं. माझ्या मागे गार नळ्या असतात आणि त्यांच्यावर कागदासारख्या पातळ पट्ट्या. त्या नळ्यांपर्यंत सहा वर्षांत मी साखरेचा म्हणावा असा कण पोहोचू दिला नाही. दरवर्षी मेकॅनिक यायचा आणि आत टॉर्च मारून म्हणायचा, "काका, तुमच्या मशीनला मला काही कामच नाही." आप्पा हसायचे. मी तेव्हा बाहेर काढून बाजूला ठेवलेली असायचे, पण माझीही मान ताठ व्हायची.

मग आप्पांचे डोळे आले आडवे. मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनसाठी ते मुलीकडे गेले. आधी एक डोळा, मग दुसरा, मध्ये विश्रांती, असे अडीच महिने लागले. फोनवर ते रोज विचारत, "जाळ्या धुतल्या का?" आणि वहिनी क्रीम फेटता फेटता म्हणत, "हो हो, बघते आप्पा." बघायला त्यांना वेळ कुठे होता? ऑर्डरींचा नुसता पाऊस पडत होता. मी त्यांच्यावर रागावले नाही, पण खोटं कशाला बोलू, मनाला लागलं खरं.

माझ्या अंगावर साखर साचत गेली. हवा दमट झाली तशी ती विरघळली, वाळली, पुन्हा विरघळली आणि तिचं कडक पापुद्र्यासारखं आवरण झालं. एके दिवशी भिंतीवरून मुंग्यांची रांग चढून थेट माझ्यापर्यंत आली. वहिनींना वाटलं, मुंग्या केकवर आल्यात. त्यांनी भिंत पुसली, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. वर कोणी पाहिलंच नाही. माझा श्वास कोंडला होता, खोली गार होईना, आणि वहिनी घाम पुसत म्हणाल्या, "भाऊजी, जरा एसी बघता का हो? काहीतरी बिघडलंय."

भाऊजी मोबाइलची कव्हरं विकतात, पण घरात सगळे त्यांना इंजिनियर म्हणतात. कुठलंही यंत्र अडलं की ते आधी मत देतात आणि मग स्क्रूड्रायव्हर शोधतात. त्यांनी स्टूल घेतलं, झाकण उचललं आणि ओरडले, "वहिनी, हे बघा! मशीनच्या घशात बोळा बसलाय!" त्यांनी आम्हा दोघींना बाहेर ओढलं. एसी चालू केला, तर काय विचारता, खोली दहा मिनिटांत गारेगार. वहिनींनी त्यांना डोक्यावरच घेतलं.

"धुऊन परत लावायच्या ना?" वहिनींनी विचारलं.

"कशाला? बिनजाळीचं केवढं छान चाललंय. कंपन्या उगाच काहीतरी घालून ठेवतात."

मला कपाटावर ठेवलं गेलं, रद्दी कागदांच्या गठ्ठ्यावर. बहिणीचे हाल त्याहून वाईट झाले. गॅलरीतल्या कुंडीत कबुतरं बसत होती, म्हणून भाऊजींनी तिला कुंडीवर झाकण म्हणून ठेवलं. खिडकीतून ती मला दिसायची. भर उन्हात तिची चौकट हळूहळू वाकत गेली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढी हतबल कधी झाले नव्हते. एक महिना मी वरून पाहत होते. साखर उडायची, हवेबरोबर सरळ आत जायची, आणि तिला अडवायला मी जागेवर नव्हते.

त्याच सुमारास वहिनींकडे एक खास ऑर्डर आली. त्यांच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई सत्तावन्नाव्या वर्षी लग्न करणार होत्या. जन्मभर एकट्या राहिलेल्या बाईंनी लाजत लाजत फोन केला होता, "अगं, आम्ही अकरा वाजता सह्या करणार, बस. दुसरं काही नको. फक्त केक तुझ्या हातचा हवा." फोन ठेवून वहिनींनी लगेच वहीत केकचं चित्र काढायला घेतलं. ब्रश कसा धरायचा हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं. तीन थरांचा केक ठरला. साखरेची फुलं त्या चार दिवस आधीपासून करत होत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनींनी तिन्ही थरांना क्रीम लावलं. आणि एसीने हात टेकले. आधी वारा मंदावला. मग आतून कटकट असा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने खालच्या फटीतून पाणी टपकायला लागलं आणि एक थेंब टपकन खालच्या थरावर पडला. वहिनींनी घाईने टेबल ओढलं. वरचे दोन थर फ्रीजमध्ये कसेबसे बसले, पण सगळ्यात मोठा, खालचा थर काही मावेना. बारा वाजेपर्यंत त्याच्या एका बाजूचं क्रीम घसरून खाली आलं होतं. मेकॅनिकने फोनवर सांगितलं, "ताई, मी उद्या दुपारी येऊ शकतो." वहिनी स्टुलावर बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं. "बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं हो, भाऊजी." भाऊजींनी टपकणाऱ्या पाण्याखाली पातेलं सरकवलं.

त्याच दुपारी आप्पा परतले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात बॅग. ते बॅग घेऊनच मागच्या खोलीत आले, एसीकडे पाहिलं, टपकणारं पाणी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "जाळ्या कुठे आहेत?"

भाऊजींनी आधी कपाटावर आणि मग गॅलरीकडे बोट दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "चूक माझी आहे आप्पा. मी तुम्हाला नुसतं हो हो म्हणत राहिले."

"ते मग बघू. आधी स्विच बंद करा." आप्पांनी झाकण उघडायला लावलं. आतल्या नळ्यांवर बर्फ साचला होता, आणि बर्फाखाली साखर, मैदा आणि धुळीचा राखाडी चिखल. निचऱ्याच्या नळीत पाक झाला होता, त्यात मुंग्या. आप्पांना अजून वाकायची परवानगी नव्हती. ते खुर्ची टाकून समोर बसले आणि भाऊजींना स्टुलावर चढवलं. "बर्फ खरवडू नको. वितळू दे. टॉवेल धर खाली. आता ब्रश वरून खाली फिरव. आडवा नाही रे शहाण्या, उभा! पट्ट्या वाकतील." अडीच तास भाऊजी मुकाट्याने ब्रश फिरवत होते. निचऱ्याच्या नळीत त्यांनी कोमट पाणी ओतलं आणि एकदाचं ते दुसऱ्या टोकाने खळाळून बाहेर आलं.

इकडे वहिनींनी मला धुवायला घेतलं. कोमट पाण्यात भिजत ठेवलं, तेव्हा कुठे साखर सुटली. बहिणीची चौकट वाकली होती, ती खाचेत बसेना. मला वाटलं, आता आमची जोडी फुटली. पण आप्पांनी तिला गरम पाण्यात धरायला सांगितलं आणि त्यांचे दोन जाडजूड शब्दकोश मागवले. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून तिला त्यांच्याखाली दाबून ठेवलं. "चाळीस वर्षं यांनी मला सरळ ठेवलं, तिलाही ठेवतील," ते म्हणाले. तासाभराने काढलं तर ती जवळजवळ सरळ झाली होती. एक कोपरा किंचित वर राहिला आहे, तो आजही तसाच आहे, आणि मला तिचा तो कोपरा फार आवडतो.

मी खिडकीशी वाळत उभी होते. बाहेरून पाच वाजताचं ऊन येत होतं, माझ्यापर्यंत नाही, पण मागून उजेड मात्र होता. वहिनी घसरलेल्या केककडे बघत होत्या. ती बाजू झाकायला एवढी फुलं नव्हती आणि नवी करायला वेळ नव्हता. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्या बघतच राहिल्या. उठल्या, बटर पेपर माझ्यावर धरला आणि पेन्सिलने माझी वीण उतरवायला लागल्या. आधी कागदावर गिरवायचं, मग मोकळ्या हाताने काढायचं, असं बाईंनीच शिकवलं होतं.

सहाला आम्ही दोघी खाचांत बसलो. खट्ट, खट्ट. भाऊजींनी मुख्य स्विच लावला आणि हात जोडून उभे राहिले. वारा आला. पहिल्यांदा साधा, मग गार, मग असा गार की आप्पांनी शाल मागितली. त्या गारव्यात वहिनींनी घसरलेलं क्रीम काढून पुन्हा लावलं आणि त्यावर साखरेच्या बारीक रेघांनी माझी जाळी काढली. त्यांचा हात जराही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच बाई स्वतः केक बघायला आल्या. त्यांना दम निघाला नव्हता. केसांत अजून फणी अडकलेली होती. त्या केकभोवती फिरल्या, त्या बाजूशी थांबल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघू लागल्या.

"अगं, ही नक्षी कुठली? एकही रेघ चुकलेली नाही."

वहिनी हसल्या. डोळे पुसत त्यांनी वर बोट दाखवलं. "आमच्या एसीच्या जाळीची आहे, बाई. तीच आम्हाला तारते."

मित्रांनो, जी साखर मी जन्मभर अंगावर घेतली, त्याच साखरेत मी एका लग्नाला गेले. कुठल्या जाळीच्या नशिबी हे आलं असेल, सांगा बरं!

आता कपाटाच्या दारावरच्या तारखा भाऊजींच्या अक्षरात आहेत. आप्पा फक्त तपासतात. परवा भाऊजींनी धुऊन आणल्यावर आप्पांनी मला खिडकीशी धरलं आणि म्हणाले, "नव्या डोळ्यांनी मला सगळं दिसतंय हो, इंजिनियर. या कोपऱ्यात तीन छिद्रं बुजलेली आहेत." भाऊजी निमूटपणे परत मोरीकडे गेले.

तुमच्याही घरात झाकणाआड माझी एखादी बहीण बसलेली असेल. तिला रागावू नका, काढून टाकू नका आणि उन्हात ठेवू नका. या रविवारी स्विच बंद करा, तिला हळूच बाहेर घ्या, धुवा, आणि उजेडासमोर धरा. तिच्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसली, तर तिच्यासाठी एक बरोबरची खूण करा.