राखाडी ठिपका

“ठिपका राखाडी झाला की घड्याळ बघायचं नाही. सरळ फोन लावायचा,” मनोहरकाका म्हणाले होते, आणि गिरिजा हसली होती.

मार्चमधली गोष्ट. वाळवंटातलं फिनिक्स शहर मागे टाकून शेवटच्या सिग्नलनंतरही वीस मिनिटं गाडी चालवली की ती वसाहत लागायची. हवा तेव्हा इतकी गोड होती, की उन्हाळा म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी उगाच घातलेली भीती वाटावी. इथल्या कालव्यांचं पाणी मोजण्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले मनोहरकाका मागच्या अंगणात, खांबावर बसवलेलं आपलं हवामानाचं यंत्र फडक्याने पुसत होते. सुलभाकाकू गेल्यापासून ते एकटेच राहायचे. गिरिजा पाच महिन्यांच्या रुहीला कडेवर घेऊन उभी होती.

“हा बघ नकाशा,” काकांनी फोन पुढे केला. “आपल्या गावात असे बावीस लोक आहेत घरात यंत्र लावलेले. प्रत्येकाचा एक ठिपका. हा मी.”

“हिरवेगार आहात की, काका!”

“जुलैत बघ. जांभळा होतो. टीव्हीवरचा आकडा विमानतळावरचा असतो, पोरी. तिथे विमानं राहतात, आपण नाही. आपण इथे राहतो.” त्यांनी पायाखालच्या खडीवर टाच आपटली. “आणि राखाडी झालो, तर घरातली वीज गेली असं समज. वीज गेली की एसी गेला. एसी गेला की मी गेलो. सोपं गणित आहे.”

“काहीतरीच काय बोलता!” म्हणून गिरिजाने विषय हसण्यावारी नेला, आणि काकांनी केलेले पोहे खाऊन ती घरी आली.

जून उजाडला आणि ती त्या नकाशातच राहायला गेली.

दुसरं राहायला होतं कुठे? घरात गाडी एक, ती वेदांत सकाळी सहाला घेऊन जायचा. रुहीची कारसीटही त्याच गाडीत, आणि तिच्याशिवाय बाळाला दुसऱ्या कुठल्या गाडीत नेता येत नाही. गिरिजाच्या लायसन्सची टेस्ट दोनदा पुढे गेली होती. वेदांतचं काम चिपच्या कारखान्यात, पांढरा झगा घालून, फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवून. त्याला दुपारी गाठायचं म्हणजे जेवणाच्या सुट्टीची वाट बघायची. शेजारचं घर मिनेसोटाच्या आजीआजोबांचं. ते मे महिन्यात कुलूप लावून गेले ते थंडीतच परतणार. त्यापलीकडचंही बंदच. सगळ्या गल्लीत पडदे ओढलेले. आवाज म्हणाल तर फक्त एसीच्या पंख्यांचे.

खिडक्यांना आतून चांदीचा कागद, त्यावर सासूबाईंनी पाठवलेल्या गोधड्या. दिवसाउजेडीही दिवा लावून बसायचं. सकाळी सातच्या आत रुहीला अंगणात फिरवून आणायचं, नाही जमलं तर तो दिवस गेला. संख्याशास्त्रात एमएस्सी झालेली गिरिजा दिवसातून चाळीसदा फोन उघडायची. पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा. तिचं घर काकांच्या ठिपक्यापासून चार गल्ल्यांवर होतं, म्हणून काकांचा आकडा तोच आपला, असं तिने धरलं होतं. एसीचा आवाज जरा बदलला की ती हातातलं टाकून गार हवा येणाऱ्या छतातल्या व्हेंटखाली तळवा धरायची.

“तू वेधशाळेत नोकरीला आहेस का गं?” वेदांत चिडवायचा. “रिलॅक्स यार, अख्खं गाव राहतंय इथे.”

काका तेवढे चिडवायचे नाहीत. संध्याकाळी फोन करून विचारायचे, “काय वेधशाळा, आज किती?”

“एकशे सोळा, काका.”

“म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ सत्तेचाळीस. फॅरनहाइटमध्ये नुसता आकडा वाटतो. सेल्सियसमध्ये सांगितलं की घशाला कोरड पडते.”

जूनच्या शेवटी एका दुपारी दोन वाजता ठिपका खरंच राखाडी झाला. गिरिजाने लगेच फोन लावला. सहाव्या रिंगला काकांचा झोपाळू आवाज आला. “अगं, इंटरनेटवाल्यांचं काहीतरी चाललंय. मेसेज आलाय त्यांचा. बरं केलंस हो फोन केलास. असाच करत जा.”

‘बरं केलंस’ हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. पण गिरिजा ज्या घरात वाढली, तिथे दुपारी जेवणानंतर आजोबा डाव्या कुशीवर झाले की पोरांनी पाटीवरची पेन्सिलसुद्धा करकरवायची नाही. टेलिफोनवर उशी ठेवलेली असायची. रात्री आईशी बोलताना तिने हे सांगितलं, तर आई म्हणाली, “अगं, ते चांगुलपणाने म्हणाले. वयाच्या माणसाची वामकुक्षी मोडली की दिवसभर डोकं धरतं. चारला चहाच्या वेळी करावा फोन.”

गिरिजाला ते पटलं. आपल्या काळजीचा दुसऱ्याला ताप नको, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मग तो जुलैतला मंगळवार आला. रुहीच्या नाकातून पाणी येत होतं, रात्रभर कुणाचाच डोळा लागला नव्हता. एक पन्नासला पोर एकदाची झोपली आणि गिरिजाने नकाशा उघडला. एकवीस ठिपके जांभळे. चार गल्ल्यांवरचा एक राखाडी.

तिचं बोट काकांच्या नावावर गेलं आणि तिथेच थांबलं. एक पन्नास. जेवून नुकते आडवे झाले असतील. मागच्या वेळीही इंटरनेटच होतं. आजूबाजूचे ठिपके चालू होते, म्हणजे भागातली वीज गेलेली नव्हती. तिने स्वतःला हे सगळं नीट, पायरीपायरीने समजावलं. चारला करू. चहाच्या वेळी.

अडीचला राखाडी. पावणेतीनला राखाडी. तिने कपडे घडी केले, त्याच घड्या मोडून पुन्हा केल्या. तीन पाचला तिच्याने राहवेना. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. काका तर फोन उशाशीच ठेवायचे.

वेदांतला तीन मेसेज टाकले. एकावरही निळी खूण आली नाही.

चार गल्ल्या म्हणजे एरवी बारा मिनिटं. तिने ओली ओढणी स्ट्रोलरवर टाकली, झोपलेल्या रुहीला उचलून त्यात ठेवलं, दोन बाटल्या पाणी घेतलं आणि दार उघडलं. ऊन अंगावर पडलं नाही, अंगाला येऊन भिडलं. चाळीस पावलं झाली नसतील, ओढणी कोरडीठाक. रुही जागी झाली, पण रडली नाही. लालबुंद तोंड करून नुसती बघत राहिली. ते न रडणं गिरिजाला सहन होईना. स्ट्रोलरच्या बकलला हात लागला आणि तिने तो झटक्यात मागे घेतला. लोखंड तापलेलं होतं, आणि लेकीची मांडी त्यापासून दोन बोटांवर.

ती धावत परत आली. दार लावून, पोरीला ओल्या फडक्याने पुसत जमिनीवर बसली. रुहीला पाळण्यात ठेवून एकटीने जाऊन यावं का? पंचवीस मिनिटांचा तर प्रश्न. आणि वाटेत आपणच पडलो तर? या घरात बाळ आहे हे कोणाला कळणार? नकाशावर तर या घराचा ठिपकाही नव्हता. भिंतीच्या आत गार, भिंतीबाहेर मरण, आणि मध्ये ती. काकांकडे जायचं तर पोर सोडायची, पोरीजवळ थांबायचं तर काका.

उरला होता नऊ-एक-एक, इथला तातडीच्या मदतीचा नंबर. तोही तिने आणखी दहा मिनिटं केला नाही. खरं सांगायचं तर लाजेने. काका बनियनवर दार उघडणार आणि समोर पोलिस. गल्लीत शोभा. “कमाल आहे तुझी, वेधशाळा!” असं म्हणणारा त्यांचा आवाज तिला ऐकू येत होता. तो आवाज खरोखरच ऐकायला मिळावा, असं वाटलं तेव्हा कुठे तिने नंबर दाबला. तीन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती.

पलीकडच्या बाईने विचारलं, तुमचे ते कोण लागतात?

“माय अंकल,” गिरिजा म्हणाली. रक्ताचे नाहीत वगैरे खुलासा एरवी ती करायचीच. त्या दिवशी केला नाही.

सायरन तिला ऐकू आला. चांदीच्या कागदाचा एक कोपरा सोलून ती बघत राहिली, पण खिडकीतून फक्त समोरचं बंद घर दिसत होतं. हातातल्या नकाशावर राखाडी ठिपका होता तसाच.

काका घरात नव्हते. एसीने जोर घेतला आणि त्यांच्या जुन्या घराचा मुख्य स्विच पडला, फक्त त्यांच्याच घराचा. इथल्या बहुतेक घरांत स्विचचा डबा बाहेरच्या भिंतीवर असतो. काकांचा पश्चिमेला. तासभर ते त्या तापत्या घरात झोपून राहिले. तीनच्या सुमारास उकाड्याने जाग आली, फोन तसाच उशाशी टाकून अनवाणीच ते स्विच वर करायला बाहेर गेले, भोवळ आली आणि सिमेंटवर पडले. डबा अजून चार पावलं लांब होता. डावा गाल, डावा हात, दोन्ही तळपाय भाजले होते. डाव्या कुशीवरच पडलेले होते ते.

ते वाचले. पाच आठवडे हॉस्पिटलात काढले. त्यांची मुलगी वसुधा ओहायोतल्या डब्लिनहून आली आणि त्यांना घेऊन गेली. निघायच्या दिवशी वेदांत गिरिजाला आणि रुहीला भेटायला घेऊन गेला. काकांच्या हाताला पट्ट्या होत्या, बोलणं जरा जड झालं होतं.

“काका, मी एक पन्नासलाच बघितलं होतं,” गिरिजा म्हणाली. “तुमची झोप मोडेल म्हणून...”

वसुधाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ते बघणं गिरिजाला पुरलं.

काकांनी पट्ट्यांचा हात रुहीच्या पावलावर ठेवला. मग म्हणाले, “एवढी वर्षं या देशात काढली, पण दुपारचे आपण तिथलेच गं.” सवयीने त्यांनी विचारलं, “आज किती?”

“एकशे आठ.”

“उतरलं म्हणायचं. यंत्र तू घेऊन जा.”

ते यंत्र आता गिरिजाच्या अंगणात आहे. तिच्या घराला ठिपका मिळाला. सप्टेंबर उजाडला तरी खिडक्यांचा कागद निघालेला नाही आणि लायसन्सची टेस्ट पुढच्या सोमवारी आहे. दुपारी रुही झोपली की ती नकाशा उघडते. बावीस ठिपक्यांपैकी अकरांची नावं आणि नंबर तिने मिळवले आहेत. तिचा स्वतःचा सोडला तर बाकीच्या दहांमागे कोण राहतं, ते तिला अजून माहीत नाही.

काल तिने मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. दुसऱ्या गावांतल्या मंडळांनाही, शुगर लँडला, फ्रिस्कोला, जिथे जिथे पुढे जाईल तिथे जाऊ दे म्हणाली. तो असा:

“तुमच्या गल्लीत, नात्यात, मंडळात कोणीतरी एकटं राहतं. हे वाचताना ज्यांचं नाव मनात आलं, त्यांनाच आत्ता फोन करा. दुपार असेल, तरीही. विचारा, घरात गार आहे ना, वीज आहे ना. उचलला नाही तर पुन्हा करा, आणि मग शेजाऱ्याला करा, आणि मग नऊ-एक-एकला. झोप मोडली म्हणून रागावले, तर रागावू द्या. चार वाजायची वाट बघू नका.”