नव्याण्णव आणि चांदीची डबी

दावणगेरेच्या त्या दातांच्या दवाखान्यात हालम्मा सिस्टरची बावीस वर्षं गेली होती, पण खुर्चीत स्वतःची धाकटी बहीण कधी निजली नव्हती. कोट्रम्माची अक्कलदाढ हाडात आडवी रुतलेली. गुंगी देऊनच काढायची ठरली.

"गळ्यातलं काढून ठेवा," डॉक्टर वृषभेंद्र म्हणाले.

"लिंग काढत नाही मी. दात काढा हवे तेवढे. आणि त्यावर चादरही नको." कोट्रम्माने इष्टलिंगाची चांदीची डबी हिरव्या चादरीवर, छातीच्या मधोमध ठेवली.

"लहानपणापासून अशीच हट्टी," हालम्मा पुटपुटली.

शिरेत औषध गेलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, बोटावरच्या चिमट्याने रक्तातला ऑक्सिजन नव्याण्णव दाखवला. हालम्माने नाकाशी कापसाची वात चिकटवली. ती हलतेय तोवर काळजी नाही, ही तिची जुनी सवय. नळी मात्र या दवाखान्यात नवी होती.

ड्रिल थांबलं आणि हालम्माच्या अंगावर उगाच काटा आला. आकडा नव्याण्णव. कापूस हलतोय. सगळं जागच्या जागी, तरी खोलीतलं एक माणूस कमी झाल्यासारखं वाटत होतं.

तिची नजर डबीवर गेली. चांदीत खिडकीचे गज दिसत होते. मघाशी ते वरखाली होत होते. आता जागचे हलत नव्हते.

तिने कापूस नीट पाहिला. श्वासाने तो मागेपुढे झाला असता. हा एकाच बाजूला थरथरत होता. अगं बाई, हा तर नळीचा वारा.

"डॉक्टर, तिचा श्वास थांबलाय."

"नव्याण्णव आहे, सिस्टर."

"फुफ्फुसात नळीचा ऑक्सिजन भरलाय म्हणून टिकलाय तो आकडा. तोंडातले हात काढा आधी."

तिने बहिणीचा जबडा खालून उचलून धरला. "कोट्रे, श्वास घे." गज हलले नाहीत. डॉक्टर घाईने उताऱ्याचं इंजेक्शन भरू लागले. हालम्माने तिच्या खांद्याला करकचून चिमटा काढला. "घे म्हणते ना, कोट्रे."

गज हळूच वर सरकले.

आकडा अजून नव्याण्णवच. मेला एकदाही हलला नव्हता.

तासाभराने कोट्रम्मा उठून बसली, गालात बोळा. "अक्का, किती ओरडत होतीस."

"श्वास घेत नव्हतीस तू."

"ऐकलं ना मी, सगळं ऐकलं," ती बोबडं हसली. "पण घ्यावासाच वाटत नव्हता. इतकं बरं वाटत होतं."

हालम्माला हसू आलं नाही. ती बहिणीला खेटून बसली आणि संध्याकाळपर्यंत त्या डबीवरून नजर काढू शकली नाही.