उठून गेलेली माणसं

पंचवार्षिक योजना म्हणजे काय, असं म्हसा गावाजवळच्या त्या पाड्यावर कुणी विचारलं असतं, तर यमाजीने समोरच्या भातखाचरांकडे बोट दाखवलं असतं. स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी एक साहेब आले. देश आता आखणी करून उभा राहणार, म्हणाले. गावच्या खातेदारांचा पडीक माळ आणि पाड्यावरच्या भूमिहीनांचे हात एकत्र बांधून त्यांनी सामुदायिक शेतीची सोसायटी काढली, सगळ्यांना सभासद केलं आणि गेले ते गेलेच. यमाजीची जवानी त्या माळावर दगड फोडण्यात गेली. पण त्याने तिथे भात पिकवलं.

शहाण्णव साली सोसायटीचा चेअरमन अनिल, वरच्या आळीतला, याने सभा बोलावली. मुंबईच्या एका पार्टीला फार्महाऊससाठी हीच जमीन हवी होती. विकायची का, एवढाच प्रश्न.

आता पाड्याची रीत अशी, की नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणायचं नाही. मुकाट उठून जायचं. सोयरिकीच्या बैठकीतून एक म्हातारा उठला तरी लग्न मोडायचं. यमाजी उठला. त्याच्यामागे अख्खा पाडा उठला, आणि पाड्याची माणसं गावापेक्षा दुप्पट होती. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, “मोडला गो हौसा येवहार. आपला येकबी बसला नाय!”

अरे बाबा, बसायचंच तर होतं! मागे उरलेल्यांनी हात वर केले, ठराव झाला.

भात पोटरीत आलं तेव्हा जमीन सपाट करायचं मशीन आलं. पाड्यावरचे सगळे धावत बांधावर जमले. यमाजी अनिलपुढे उभा राहिला. “अनिलभाऊ, आमी तर नाय बोललो व्हतो.”

“कधी बोललात काका? तुमी तर उठून गेलात. थांबला असता, हात वर केला असता, तर माझी काय बिशाद होती?”

 नकार दिला म्हणून यमाजी इतके दिवस सुखाने झोपला होता. आपल्याच हातांनी आपण जमीन घालवली, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. निदान आता तरी सगळ्यांनी इथून हलू नये, हे सांगायला तो मागे वळला.

बांधावर कुणी नव्हतं. अनिलचं बोलणं कुणाला पटलं नव्हतं, म्हणून सगळे मान ताठ ठेवून, एक शब्द न बोलता घराकडे चालले होते. हौसा सगळ्यांच्या पुढे होती. वाट मोकळी झालेली पाहून ड्रायव्हरने मशीन चालू केलं.